एक कोटी पेशी

देगलूरच्या त्या मुलीचं रक्त माझ्याकडे आलं तेव्हा ते पाच मिली होतं. तिचं वय चार वर्षं, वजन साडेदहा किलो. एक ताप उतरला की दुसरा यायचा. तिचा थोरला भाऊ असाच तापात गेला होता. तिच्या पांढऱ्या पेशींत नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय इलाज ठरत नव्हता, आणि ते तपासणाऱ्या मोठ्या केंद्राला एक कोटी जिवंत पेशी हव्या होत्या. तेवढ्या वाढवायचं काम नांदेडच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी अठरा लाख निघाल्या. तिसऱ्या दिवशी चौदा. आधी काही मरतात, मग उरलेल्या वाढू लागतात, हे इतक्या वर्षांच्या कामातून माहीत होतं, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मोजताना थेंबात निळा रंग घालतात. मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पीत नाही. मोजणीच्या काचेवरची प्रत्येक चौकट मी दोनदा मोजायचे. सहाव्या दिवशी तीस लाख, आठव्या दिवशी चौसष्ट.

"स्वतःच्या लेकरांचं वजन कधी एवढ्यांदा केलं नाहीस," नवरा म्हणाला.

नवव्या दिवशी सकाळी पेशींचा एक फ्लास्क उजेडात धरला, तर गुलाबी द्रवात कापसासारखा पुंजका. सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे धागे. बुरशी. दुसऱ्या फ्लास्कातही तेच. थोड्या पेशी गोठवून बाजूला ठेवायला हव्या होत्या, पण एक कोटीला कमी पडतील म्हणून मी ठेवल्या नव्हत्या.

आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "बुरशीचं औषध टाकून बघा."

"टाकते. पण मग रिपोर्ट कुणाचा येईल, मुलीचा की औषधाचा?"



पेशी उबेत ठेवतो त्या इनक्युबेटरमध्ये खालच्या ट्रेत पाणी असतं, आतली हवा ओली राहावी म्हणून. ते दर आठवड्याला ओतून द्यायचं, ट्रे पुसायचा, नवं भरायचं. मी लातूरची. आमच्या घरी नळाला दहा-दहा दिवसांनी पाणी यायचं. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा आम्ही संडासाला वापरायचो. ट्रेतलं स्वच्छ दिसणारं पाणी ओतून देताना माझा हात अडायचा, म्हणून मी वरून भर घालत आले. त्या दिवशी ट्रे काढला तर कडेला बुरशीचा बुळबुळीत काळपट थर. नोंदवहीत पाच आठवडे माझ्याच अक्षरात 'पाणी घातले' होतं. 'बदलले' एकदाही नव्हतं.

"लातूरकरांनी पाणी जपलं म्हणायचं," सर म्हणाले. थोड्या वेळानं हळू आवाजात, "नमुना अपुरा होता असं तिच्या घरी कळवून टाका. त्यांना काय कळणार आहे?"

मी मुलीच्या वडिलांना फोन केला. त्यांचं देगलूरला किराणा दुकान. पुन्हा रक्त लागेल, असं मी सांगितलं.

"पैल्या बारीला दिलं की, बाई. त्याचं काय झालं?"

"माझ्याकडून खराब झालं."

"मशीन बिघडली का?"

"मशीन चांगली आहे. मी पाणी बदललं नाही."

"माझ्या दुकानात माल नासला तर मी दुसरा भरतो," ते म्हणाले. "हिचं कुठून भरू? सुई बघितली की लेकरू थरथर कापतंय."

तिला कधी आणता येईल, मी विचारलं.

चार दिवसांनी ते तिला घेऊन आले. डाव्या हाताची शीर सापडलीच नाही. ती रडली नाही, नुसती वडिलांच्या शर्टाचं बटण धरून बसली. उजव्या हातातून तीन मिली आलं, आणि दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता महिनाभर एक थेंबही घ्यायचा नाही.

दुपारी मोजणी करून मी बाहेर आले. ते बाकावर बसले होते.

"किती हायत?"

"साडेनऊ लाख."

"आन् पाहिजेत कोटभर."

"हो."

"होतील?"

"सांगता येत नाही."

"हो म्हणलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?" त्यांनी मांडीवर झोपलेल्या मुलीच्या कपाळाला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं. "बघा बरं जरा."

मी हात लावला. ताप होता.