मृदुलाच्या वाटणीची मोरी

मृदुला गेल्याचं तिच्या नवऱ्यानं, प्रशांतनं, रविवारी सकाळी शेजारच्या माझ्या दारात उभं राहून सांगितलं. "ताई, ती गेली... ब्रेन हॅमरेज म्हणाले." शनिवारी दुपारी ती ट्रेलवरून परत आली, स्वयंपाकघरात कोसळली, आणि हॉस्पिटलमधून काही घरी आली नाही. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. याला आता दीड महिना झाला.

ट्रेल म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावातून जाणारा जुना रेल्वेमार्ग. रूळ कधीच उखडले. तिथं चालायला आणि सायकलला डांबरी वाट केली, आणि दर शनिवारी स्वयंसेवक तिची देखभाल करतात. मृदुला नागपूरची, तिकडे रस्ते बांधणारी इंजिनीअर. २००३ साली नवऱ्याबरोबर इथं आली ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी बंद. घरी बसणं तिला जमलं नाही, ती या स्वयंसेवकांत जायला लागली. जो तो घरून एकेक पदार्थ आणतो तशा एका पॉटलकला आमच्या मराठी मंडळींतल्या कुणीतरी टोमणा मारला, "एवढी इंजिनीअर तू, आणि फुकटात चिखल उपसतेस?" तर म्हणाली, "फुकट काम करायले व्हिसा नाही लागत ना बाप्पा!" सगळे हसलो. तिचं काम बघायला मात्र कुणी गेलो नाही, प्रशांतसुद्धा.

ती गेल्यावर पंधरवड्यानं स्वयंसेवकांचे प्रमुख वॉल्टर प्रशांतच्या घरी आले, तेव्हा मीही तिथं होते. सत्तरीचे गृहस्थ. ट्रेलवर तिच्या नावाचा बाक ठेवावा, असं त्यांच्या मनात होतं. इथं तशी पद्धत आहे. त्यांच्या बायकोच्या नावाचाही आहे. प्रशांतला ते सहन होईना. "ताई, सांगा त्यांना. लोक तिच्या नावाला पाठ लावून बसणार, कुत्री बांधणार... नको." मी सांगितलं. त्यांना लागलं, पण त्यांनी मान हलवली. उठता उठता, सांत्वन म्हणूनच, ते म्हणाले की त्या दिवशी तिचं डोकं फार दुखत होतं. "मी घरी सोडतो म्हटलं, तर म्हणाली, एवढं संपवून जाते."

ते गेल्यावर प्रशांत माझ्याकडे वळला. "त्या शनिवारीही मी ऑफिसात होतो, पण फोन होता ना माझ्याकडे? यांना सांगितलं, मला नाही?" आणि मग, "मला सांगितलं असतं तर मी तिला सगळं कॅन्सल करायला लावलं असतं."

म्हणूनच सांगितलं नसेल... हे मी बोलले नाही. पण बाक बाजूला राहिला आणि वॉल्टरना सांगितलं, मला का नाही, हा एकच प्रश्न त्याच्या मागे लागला. भेटला की तोच.

शेवटी गेल्या शनिवारी मी त्याला ट्रेलवर घेऊन गेले. भरावाखालून ओढ्याचं पाणी जायला रेल्वेनं बांधलेली एक दगडी मोरी आहे. स्वयंसेवकांनी देखभालीची कामं वाटून घेतलेली, त्यात ती मृदुलाच्या वाटणीची. मोरीच्या तोंडापुढे तिनं ओळीनं दगड रोवलेत, पालापाचोळा तिथंच अडावा म्हणून. वॉल्टर म्हणतात, तेव्हापासून वाटेवर पाणी आलेलं नाही. पण पानगळ चालू होती, आणि ती गेल्यापासून तिथली पानं कुणी काढली नव्हती. दगडांमागे पानांचा काळा लगदा साचला होता आणि पाणी काठाला आलं होतं.

प्रशांत वर वाटेवरच उभा राहिला. म्हणाला, "ताई, इथं फोनला रेंज येते का?"

मी फोन काढून पाहिला. रेंज पूर्ण होती. फोन पर्समध्ये टाकला आणि बरोबर आणलेले हातमोजे त्याच्यापुढे धरले. "आधी ती पानं काढ. पाणी वर येतंय."

त्यानं हातमोजे चढवले. बुटांसकट पाण्यात उतरला.