दुसऱ्या नंबरचं कार्ड

चिंतामणरावाले मी पहिल्या दिवसापासून चोर समजलो, हे आधीच सांगून टाकतो. पैशाचा चोर नाही, नजरेचा. बोलून राह्यला तुमच्याशी, आन् डोळे तुमच्या पाठीमागच्या फडताळावर. अशा माणसाले कोन खोली देते? पण कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरची चिठ्ठी होती, "आमचा कारकून आहे, चिखलीचा, एकटाच आहे." नाही म्हटलं असतं तर साऱ्या नांदुऱ्यात झालं असतं, कारभारीच्या घरी असं दडलं तरी काय?

दडलं होतंच ना! माझा धाकटा भाऊ, रंगराव. बेचाळीसच्या ऑगस्टात त्यानं रेल्वेच्या तारा कापल्या, नागपूरच्या सरकारनं वॉरंट काढलं. सहा-सात महिने रानोमाळ फिरला आन् मंग माझ्याच मागच्या खोलीत येऊन बसला, सरकीच्या पोत्यांच्या आड. हे ठाऊक फक्त मले आन् माझ्या बायकोले, गीताबाईले. आईनं मरताना त्याचा हात माझ्या हातात देला होता. त्याले काही झालं असतं तर मी कोनाले तोंड दाखवलं असतं?

चिंतामणराव बारीक अंगाचा, खिशात पेन्सिल, काखेत छत्री. भर उन्हाळ्यात छत्री! सांजच्याले बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा लागे, तिथं हा रोज हजर. बरं, माणसाले शौक असते. पण एकच खेळ तीन-तीनदा? लोक शिट्या मारून राह्यले, टाळ्या पिटून राह्यले, आन् हा मांडीवर वही ठेवून अंधारात लिहून राह्यला. वामनराव सायकलवाला माझ्या सरकीच्या दुकानावर येऊन मले म्हणे, "कारभारी, तुझा भाडेकरू सीआयडी हाय बे! पडदा सोडून पब्लिककडं पाह्यते."

घरातबी तेच. एक दिवस ओसरीवरून म्हणे, "दोनच माणसं तुम्ही, पण वहिनी भाकरी किती वेळ थापतात!" गीताबाईच्या हातातली परातच पडली. आन् दुसऱ्या दिवशी मले म्हणे, "कारभारीभाऊ, मागच्या खोलीच्या दाराची बिजागरी फार कुरकुरते. तेल घाला तिला."

"कुरकुरू द्या," म्या म्हटलं, "दार माझं हाय."

तो हसला. ते हसणं मले बिलकूल आवडलं नाही. त्या रागात म्या तेलबी घातलं नाही.

चैत्रात तंबूत 'खंजीरवाला जासूस' लागला. मुंबईच्या पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतला, असं जाहिरातीतच छापलं होतं. गाव तर पागल झालं. मी गेलो नाही, घर सोडून कसा जाऊ? पण जायची गरजच नव्हती. न्हाव्याकडं, चहाच्या दुकानात, जिकडं जावं तिकडं एकच गोष्ट, तो जासूस म्हातारा होऊन, घोंगडी पांघरून पोलिसांच्या नाकासमोरून टेसनात कसा शिरते! पोट्टे भर दुपारी घोंगड्या घेऊन फिरत. त्या खेळात अजून काय होतं ते कोनी सांगे नाही, आन् म्या विचारलं नाही.

सोमवारी सकाळी चिंतामणराव आंघोळीले गेला. त्याच्या खोलीच्या खिडकीत शाई वाळायले एक कार्ड ठेवलं होतं, वर दौत. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मलेबी समजते. पण वाचलं. मी चौथी पास, अक्षर लावत लावत वाचतो. वर कोपऱ्यात '२' लिहिलं होतं, आन् खाली बारीक अक्षरात:

"थोरल्या भावाने धाकट्याला मागच्या खोलीत लपवले आहे, हे पहिल्याच दिवशी ध्यानात येते. दोघांच्या घरात पाच जणांच्या भाकरी होतात. पोलीस अजून कसे आले नाहीत, याचेच नवल वाटते."

पायाखालची जमीनच सरकली. खाली अजून तीन ओळी होत्या, पण न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला आन् मी कार्ड तसंच ठेवून पळालो.

गीताबाई म्हणे, "आधी त्याइले विचारून तं पाहा."

"काय विचारू? आमाले कधी पकडून देता, असं?"

ती म्हणे, निदान दिवस मावळू द्या. म्या ऐकलं नाही. डोक्यात एकच, आज कार्ड टपालात पडलं की उद्या शिपाई दारात. रंगरावाले म्या माझं धोतर नेसवलं, हातात काठी देली आन् वरून घोंगडी टाकली. तो म्हणे, "दादा, उकडून राह्यलं ना फार." म्या म्हटलं, "गपचूप चाल. गाडीत बसला का फेकून दे."

दुपारच्या भुसावळच्या गाडीले तो निघाला. मी फाटकाजवळ उभा. टेसनाच्या दारात शिपायानं त्याले पाह्यलं आन् खो-खो हसला. "काय बाबा, थंडी वाजते काय?" म्हणत गमतीनं त्यानं घोंगडी ओढली. खाली चोवीस वर्षांचा जवान पोट्टा निघाला! रंगराव पळाला, आन् पळाला म्हणूनच त्याइनं धरला. दोघा शिपायांनी त्याले मालधक्क्यावर पाडलं. मी पाह्यतच राह्यलो.

घरी आलो तो चिंतामणरावाची गचांडी धरली. "खाल्लं ना माझ्या भावाले! कोनाले धाडलं ते कार्ड?" तो पांढराफटक. म्हणे, "कारभारीभाऊ, ते तर..." म्या पुढचं बोलूच देलं नाही. तोंडात मारली, छत्री रस्त्यावर फेकली, ट्रंकबी फेकली. तो ट्रंक उचलून गेला.

शुक्रवारी त्याच्या नावानं टपालात एक साप्ताहिक आलं. म्या फोडलं. आत 'तंबूतून' म्हणून मजकूर, वर 'खंजीरवाला जासूस'. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरलेला माणूस स्टेशनात शिरतो आणि एकही शिपाई त्याला हटकत नाही, हा चमत्कार फक्त पडद्यावरच घडतो." हे पहिल्या कार्डावर असेल. दुसऱ्याचा मजकूर म्या ओळखला: थोरला भाऊ, मागची खोली, पाच जणांच्या भाकरी, सारं त्या सिनेमातलं. आन् मंग त्या तीन ओळी, ज्या म्या वाचल्याच नव्हत्या:

"यात शेजारी चुगली करतो. दिग्दर्शकाला आमचा वऱ्हाड ठाऊक नाही. असे घर दिसले तर आम्ही मान खाली घालून पुढे जातो."

सारं ठाऊक होतं त्याले. ठाऊक असून तो माझ्या ओसरीवर बसून माझ्याशी हसत होता.

रंगराव दोन पावसाळे तुरुंगात काढून तापानं गेला. मातीबी आमाले भेटली नाही.

पुढच्या साली मी चिखलीले गेलो, त्याचं घर विचारत. त्यानं जिनिंगची नोकरी सोडली होती, लिहिणंबी सोडलं होतं. लेकरांच्या शिकवण्या घेत होता. मले पाहून उठला, चटई टाकली, पाणी देलं. म्या त्याचे पाय धरायले वाकलो तर मागं सरकला.

"माफी राहू द्या," तो म्हणे. "चुकलं माझंच. सरळ सांगायला हवं होतं. भीती वाटली, तुम्ही मला हेर समजाल."

लेकरं पाटीवर लिहून राह्यली होती.

"ती बिजागरी," तो हळूच म्हणे, "रस्त्यापर्यंत ऐकू यायची हो."

घरी येऊन म्या पह्यले दाराले तेल घातलं. आता ते उघडलं तं आवाज येत नाही. त्या खोलीत कोनी राह्यत नाही.