चिंचेखालच्या मोळ्या

बंबाची तोटी सोडली की पहिलं पाणी काका बादलीत पडू देत नसत. ओंजळीत घेत, नाकाशी नेत आणि म्हणत, "धूर लागलाय. झालं. आता याला अंघोळीचं पाणी म्हणायचं."

कॉलनीतली पोरं त्यांना बंबकाका म्हणायची. नाशिकला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती आणि आम्ही दोघं एकाच बसने ओझरच्या कारखान्यात जायचो. थंडीभर त्यांच्या शर्टाला धुराचा वास येई. शेजारी बसणारा बिचारा खिडकी उघडून कुडकुडत बसे. तो बिचारा म्हणजे मीच.

नाशिकची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना बंबाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण काकांची तयारी म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखी. दिवाळी झाली की बंब अंगणात यायचा. चिंच आणि मीठ लावून तांबं घासायचं, काठीला चिंधी बांधून मधल्या नळीतली काजळी काढायची, वाकलेली जाळी ठोकून सरळ करायची, तोटी गळू नये म्हणून सूत गुंडाळायचं. काकू दारातून म्हणत, "इतकं निरखून तर मला बघायला आले तेव्हाही बघितलं नव्हतं." काकांना तेवढं बरोबर ऐकू यायचं नाही.

मग जळण. ते मात्र वखारीतलं चालत नसे. द्राक्षाच्या छाटणीत निघालेल्या वाळक्या काड्याच लागत, आणि त्यासुद्धा त्यांच्या थोरल्या भावाच्या बागेतल्या. या भावाशी ते बोलत नसत.

वाटणीत विहीर भावाकडे गेली होती. त्या वेळी शब्दाला शब्द वाढला आणि काका म्हणाले, "तुझं पाणी तुला लखलाभ. मी थेंब पिणार नाही." पुढे आई होती तोवर ती दर हिवाळ्यात काड्यांच्या मोळ्या पाठवी. ती गेली त्या वर्षी काका सवयीने गावच्या फाट्यापर्यंत गेले, तर चिंचेखाली मोळ्या बांधून ठेवलेल्या होत्या. माणूस कोणी नव्हता. तेव्हापासून दरवर्षी भाऊ ठेवायचे आणि काका उचलायचे. लग्नकार्यात मात्र दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसत, आणि नातेवाईक दुखऱ्या जागेला हात नको म्हणून यांच्यापुढे शेतीचा विषयच काढत नसत.

मी कितीदा तरी स्कूटरवर मागे बसून त्या मोळ्या आणल्या आहेत. हात ओरबाडून निघायचे. काका मोळीची सुतळी कधी कापत नसत, गाठ नखाने सोडवत बसत. "दादाची गाठ आहे," म्हणत. "ओढली की आवळते. हळूच घ्यावी लागते." हे एवढं ज्याला कळतं त्याने चार पावलं पुढे जाऊन भावाचं दार वाजवू नये, याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

पुढे मुलाने गच्चीवर सोलर बसवलं. नळ सोडला की गरम पाणी. काकूंचे धुराने चुरचुरणारे डोळे सुटले आणि बंब गच्चीच्या कोपऱ्यात गेला. पण दिवाळीनंतर काका तिथे बसून तो घासतच राहिले, आणि मोळ्याही येतच राहिल्या. न सोडलेल्या मोळ्यांची पत्र्याखाली थप्पी लागली.

"आता कशाला आणता?" मी विचारलं.

"नाही गेलो तर दादाला वाटेल, याची गरज संपली."

एका वर्षी आम्ही मोळ्या स्कूटरला बांधत होतो. शेजारच्या मळ्यातला एक शेतकरी थांबला. काकांना तो ओळखत नव्हता. म्हणाला, "आमच्याच बागंतल्या हायेत. ते थोरले दादा दर सालाला मागून नेत्यात. त्यांनी सोताची बाग कवाच तोडली, कांदा लावत्यात आता. कुना पाव्हन्याला लागत्यात म्हनं."

काकांनी मोळीवर हात ठेवला तो तसाच राहिला. दारात उतरल्यावर म्हणाले, "या वयात दुसऱ्याच्या बागेत वाकून काड्या वेचतो माझ्यासाठी. आता नाही जायचं. नाही गेलो की त्याची दगदग वाचेल."

"निरोप तरी द्या," मी म्हणालो.

"काय देऊ? मला कळलं म्हणून? त्याला लाज वाटेल."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बंब मात्र दोन्ही वर्षी घासला.

त्या दुसऱ्या थंडीतच एका पहाटे काका झोपेतच गेले. उजाडल्यावर भाऊ आले. तीच उंची, तसेच कान. ओसरीवर टेकून माझ्याकडे बघत म्हणाले, "मी ठेवतच व्हतो मोळ्या. यानं येनंच सोडलं. म्हनलं, तेवढंबी नको झालं आसंल त्याला."

मी त्यांना गच्चीवर नेलं. थप्पी दाखवली. काका का थांबले तेही सांगितलं. ते एकेक मोळी हाताने चाचपत गेले. सगळ्या गाठी त्यांच्याच होत्या. "येडं," एवढंच म्हणाले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांचं मन जपता जपता एकमेकांना मुकली. मला त्या घटकेला दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं, पण एकच उरला होता.

खाली शेवटच्या अंघोळीची तयारी चालली होती. कोणीतरी सोलरच्या नळाखाली बादली लावली. भाऊ जिन्यातूनच ओरडले, "ऱ्हाऊ द्या. त्याला तसलं पानी चालत नाय."

गच्चीवरच बंब भरला. तोटी थेंबभरही गळली नाही. भावाने मोळीची गाठ नखाने सोडवली, काड्या नळीत घातल्या आणि पेटवल्या. पाणी तापेपर्यंत खालून कोणी हाक मारली नाही. मग त्यांनी तोटी सोडली, पहिलं पाणी ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं.

"धूर लागलाय," ते म्हणाले. "न्या आता."