लग्नपत्रिकेनं लावलेला पॉइंट

मित्रहो, आत्ताच मोशीहून लग्न जेवून आलोय आणि हसू आवरत नाहीये.

सकाळी आमची म्हातारी मोटार चालूच होईना. ही ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या सीटवर. "अहो, मुहूर्त टळेल! रिक्षा बोलवा."

मी इंजिनाला ठिणगी पुरवणारा डिस्ट्रिब्यूटर उघडला. आतल्या पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टोकांमधली, फट पार मिटलेली. १९५०च्या दशकात वडिलांनी याच गाडीवर शिकवलं होतं की फट लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी ठेवायची. पत्रिका हाताशी होतीच! तिची कड कापली, फटीत सरकवून स्क्रू आवळला. मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, इंजिनाचा आवाज ऐकत कानानं जुळवली. अडखळणारं इंजिन हळूहळू शाळेतल्या कवितेसारखं तालावर आलं.

मोशीत शिरल्यावर हिनं विचारलं, "कार्यालय कुठलं?" पत्रिका बघतो तर नेमकी पत्त्याचीच ओळ मी कापलेली! खिशातून तेलकट पट्टी काढून दिली.

ही चष्मा सावरत म्हणाली, "धन्य तुमची! गाडीची वेळ जुळवलीत आणि लग्नाचं ठिकाण कापलंत!"

अक्षता मात्र वेळेवर टाकल्या, हो. हिनं ती पट्टी जपून पर्समध्ये ठेवलीय, "पुढच्या लग्नाला लागेल" म्हणून.

तुमच्या घरी ही फट कशानं मोजायचे, सांगा बरं?