व्याह्यांपेक्षा कमी पावलं

माझ्या मुलाच्या डाव्या पायाची दोन बोटं गेल्या उन्हाळ्यात कापावी लागली. त्यात माझाही हात आहे, म्हणून लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. जसं झालं तसं सांगते.

मुलाचं पालमला खताबियाणांचं दुकान आहे. दिवसभर खुर्चीत बसणं. पन्नाशीच्या आतच साखर लागली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला आणि पायांकडे लक्ष ठेवा. त्यानं दोन्ही केलं नाही. सूनबाई सांगून सांगून थकली.

माझी नात, म्हणजे त्याची मुलगी, राणीसावरगावला दिली आहे. जावई पुण्याला नोकरीला, तिकडं खोली मिळेपर्यंत ती सासू-सासऱ्यांजवळच होती. दिवाळीला जावई आले तेव्हा त्यांनी मुलाच्या मोबाइलमध्ये पावलं मोजणारं ॲप टाकून दिलं. फोन खिशात ठेवून चाललं की आकडा वाढतो. एकट्याला कंटाळा येतो म्हणून त्यांनी दोन्ही घरच्यांचा एक गट केला. त्यात ते स्वतः, नात, माझा मुलगा आणि आमचे व्याही, म्हणजे नातीचे सासरे. रोज संध्याकाळी यादी लागायची. पहिल्याच्या नावावर मुकुट, बाकीच्यांनी त्याला टाळ्या पाठवायच्या.

गोळ्यांनी झालं नव्हतं ते त्या यादीनं केलं. मुलगा सकाळी गंगाखेडच्या रस्त्याला लागायचा तो घामाघूम होऊनच परत यायचा. दोन महिन्यांत साखर उतरली. मुकुट रोज त्याचाच.

मग नातीचा फोन आला. बापाला नाही, मला.

"आजी, बाबांना म्हणावं जरा कमी चाला."

"कामून गं?"

"मामंजी रोज यादी बघायलेत अन् गप जेवायलेत. काल म्हणले, पोरीचा बाप लय म्होरं गेला की."

आमच्याकडे मुलीच्या बापानं मुलाच्या बापापुढं जायचं नसतं. पंगतीत नाही, फोटोत नाही, बोलण्यातही नाही. मुकुटाचं कोणी ठरवलेलं नव्हतं, पण ते ठरवायला लागत नाही. मी मुलाला निरोप दिला. दुसऱ्या दिवसापासून तो आधी व्याह्यांचा कालचा आकडा बघायचा आणि त्याच्या खाली राहील एवढंच चालायचा. व्याही अंगानं जड, गुडघे दुखणारे. घर ते पार, पार ते घर. दोन हजार पावलं म्हणजे त्यांचा मोठा दिवस. माझा मुलगा अठराशेवर थांबायचा. वस्तीच्या कडेला उभा राहून मोबाइल बघायचा आणि मागं फिरायचा.

"फोन घरी ठेव आन चाल," मी म्हणाले.

"मग मोजणार कोण?"

"मोजायचं कशाला? साखरेला आकडा कळतो का?"

"माय, न मोजता चालूच वाटंना गेलंय."

तेव्हा मला भीती वाटायला पाहिजे होती. मला नुसता राग आला.

साखर पुन्हा चढली. आधी पायांना मुंग्या यायच्या, मग त्याही बंद झाल्या. एकदा बाभळीचा काटा चपलेतून त्याच्या टाचेत शिरला आणि तो तसाच जेवायला बसला. सूनबाई काटा उपसत होती तेव्हा तो विचारत होता, "काय करायलीस?"

मी व्याह्यांना फोन लावला.

"पाव्हणं, तुमी चालत जा."

"गुडघे कुठं चालू देतेत बाई. कामून?"

"तुमी चाललात तर माझं पोरगं चालंल. तुमच्या म्होरं जात न्हाई ते. साखर वाढायलीय त्याची."

ते हसले. "असं व्हय. आमाला वाटलं पाव्हणा थकला. बघा आता उद्यापसून."

साखरेचं सांगितलं, पण पाय बधिर झालेत हे सांगितलं नाही. सोयऱ्यांना एवढं सगळं सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा आकडा नऊ हजार. मग तेरा. मग अठरा. माझा मुलगा उठला. दुकान सूनबाईवर टाकून नवे बूट घालून निघायचा आणि सतरा हजार करूनच यायचा. चैत्र होता, डांबर सकाळी नऊलाच तापायचं. मोबाइलवर टाळ्या यायच्या. जावयांनी लिहिलं, दोन्ही बाबांची कमाल आहे. मीही खूश होते, ते लपवत नाही.

"आत्याबाई," सूनबाई म्हणाली, "ज्या माणसाला पायरी चढवंना, ते अठरा हजार कसं चालायलंय?"

"तुला काय करायचंय? तुझा नवरा चालायलाय ना?"

आठव्या दिवशी ओसरीवर बुटांचा वास आला. मोजा पायाला चिकटला होता. सूनबाईनं पाणी ओतून ओतून सोडवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, तळव्याला भोक. त्याला काहीच दुखत नव्हतं. तो म्हणाला, "थांब जरा, दोन हजार राह्यलेत अजून."

दुसऱ्या दिवशी परभणीला नेलं. त्याच आठवड्यात बोटं काढली.

व्याही दवाखान्यात भेटायला आले ते एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं नातीचा खांदा धरून. जिना चढून त्यांना बोलायलाही दम नव्हता.

"अठरा हजारवाल्याला काठी कशापायी?" मी विचारलं.

नात खाली बघत राहिली. व्याह्यांनीच सांगितलं. ते रोज सकाळी फोन मेंढरं राखणाऱ्या गड्याच्या खिशात घालून द्यायचे. तो दिवसभर मेंढरांमागं हिंडायचा.

"तुमीच म्हणलात बाई, पोरगं चालंल म्हणून. भल्यासाठीच केलं म्या."

मुलानं सगळं ऐकलं होतं. तो उशीला टेकून सावरून बसला, पट्टी बांधलेला पाय चादरीखाली ओढला आणि सूनबाईला म्हणाला, "पाव्हण्यांना खुर्ची दे. चहा सांग."

तेवढ्यात डॉक्टर आले. आता उजवा पाय बघायचा होता. त्यांनी सुई काढली आणि म्हणाले, टोचलं की सांगा. मुलगा व्याह्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"कळतंय की," तो म्हणाला. "चांगलं कळतंय."

सुई अजून पायापासून वीतभर लांब होती.