भांडायला चालत गेलेला व्यंकटी की-मन

मुदखेडच्या रेल्वे लाईनीवर व्यंकटी एकतीस वर्षं चालला. गावात त्याला आडनावानं कुणी ओळखत नाही. व्यंकटी की-मन म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. की-मनचं काम सांगायला अगदी सोपं आहे. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, आणि गाड्यांच्या धडधडीनं त्या ढिल्या होतात. उजाडता उजाडता हातोडा खांद्यावर टाकून निघायचं, एकेक चावी बघत जायचं, ढिली दिसली की ठोकून बसवायची. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्यावर. सहा किलोमीटर जाणं आणि सहा येणं, मग आभाळातून आग पडो नाही तर धो धो पाणी.

एवढं करून हा गडी दुपारी घरी यायचा तो हसत. दारातूनच बायकोला, चांगुणाला, हाक मारायचा आणि लाईनीवर बघितलेली एखादी गंमत सांगायचा. भाकरी करपलेली असो, भाजीत मीठ जास्त पडलेलं असो, खाऊन वर 'झकास' म्हणायचा. शेजारची सरजाबाई आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "स्वभाव असावा तर व्यंकटीभाऊसारका!" हे ऐकून व्यंकटीची मान जरा ताठ व्हायची. आपण जन्मानंच हसरे आहोत, असं त्याचं ठाम मत होतं. गावाचंही तेच होतं, आणि मीही त्याच गावचा.

मग तो निवृत्त झाला. त्या दिवशी स्टेशनापासून घरापर्यंत हलगी वाजली. उघड्या जीपमध्ये गळाभर हार घालून व्यंकटी बसला होता, आणि घराच्या ओट्यावर थोरल्या आनंदराजनं भाषण ठोकलं. आनंदराज लातूरला मास्तर आहे, त्यामुळं भाषण यायचंच. तो म्हणाला, "माझ्या बाबांचे पाय एकतीस वर्षं खडीवर झिजले. आजपासून या पायांना जमीन लागू द्यायची नाही, ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नांदेडला दवाखान्यात नर्स असलेली विशाखा, ती तर बापाच्या गळ्यातच पडली. आठवड्यानं लातूरहून टेम्पोतून एक आरामखुर्चीही आली.

आता आपली माणसं प्रेमाला लागली की कुठं थांबायचं ते त्यांना कळत नाही. सगळ्या गल्लीनं आनंदराजचा शब्द झेलला. दूध घरपोच, पेपर घरपोच, दाढी करायला न्हावी घरपोच. विहार दोनशे पावलांवर, तर वंदनेला जायलाही कुणीतरी मोटारसायकल घेऊन दारात उभं. व्यंकटी चपलेत पाय घालतोय असं दिसलं की दहा तोंडांतून एकच ओरड, "मामा, तुमी बसा!"

मामा बसले. पहिला महिना मोठ्या मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात त्याला भाकरी जाड लागायला लागली. तिसऱ्या महिन्यात चांगुणा भांडी आपटते असा शोध लागला. मग पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, समोरच्या लिंबावरचे कावळे, एकेक करून सगळं जग त्याच्या वाईटावर उठलं. झोप पातळ झाली. छातीवर कुणी धोंडा ठेवल्यासारखं वाटायचं, पण सांगायचं काय आणि कुणाला? दुखत तर काहीच नव्हतं. डॉक्टरनं रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. "रोज थोडं फिरत जा," एवढंच तो म्हणाला.

"हातात काई न घेता, काई काम नसता, नुस्तं चालायचं?" व्यंकटी उखडला. "ते पोट सुटलेल्या लोकाचं काम हाय. मी काय येडा हाव?"

आनंदराजनंही फोनवरून बापाचीच बाजू घेतली. माझा बाप सात जन्मांचं चाललाय म्हणाला, आणि ती गोष्ट तिथंच मिटली.

ठिणगी पडली ती पौषातल्या एका सकाळी. चांगुणा आणि सरजाबाई ओट्यावर उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि कशावरून तरी खदखदून हसत होत्या. व्यंकटी आतून आला. चेहरा आंबलेला.

"दात काडायला काय झालं? मानसानं घरात ऱ्हावं का न्हाई?"

सरजाबाई शेंगा तशाच टाकून उठून गेली. चांगुणानं खाली बघत म्हटलं, "जरासं हसलाव तं काय बिगडलं?"

"तू बी हसू नको. माझ्या घरात हसायचं न्हाई."

चांगुणानं नवऱ्याची भाकरीवरची, भांड्यांवरची सगळी कुरकुर पोटात घातली होती. पण हे वाक्य तिच्या काळजाला लागलं. छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाकडून तिनं काही मागितलं नव्हतं, आणि हसू मात्र न मागता रोज मिळालं होतं. तेच आता बंद म्हणाला. तिनं शेंगा आवरल्या, दोन लुगडी पिशवीत घातली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"मी इशाखाकडं चालले. तुमचं डोस्कं ठिकान्यावर आलं की निरोप धाडा."

"मी न्हाई धाडत!"

आणि नाहीच धाडला. अकरा दिवस तो खुर्चीत बसून राहिला. सरजाबाई मोठ्या मनाची, ती डबा देऊन जायची, पण ओट्यावरच ठेवायची. घर एवढं शांत झालं होतं की त्याला हवी होती तशी शांतता एकदाची मिळाली, आणि ती त्याला खायला उठली. बाराव्या दिवशी सकाळी विशाखाचा फोन आला. आवाज चाचरत होता.

"बाबा, आई म्हणती इथंच बरं हाय. तिचा चष्मा अन् ऱ्हायलेली लुगडी कुनाच्या हाती तरी पाठवून द्या."

व्यंकटी खुर्चीतून उठून उभा राहिला. ही परत न येण्याची भाषा होती. पण त्याला भीती कबूल करता येईना, आणि राग तर हाताशी तयारच होता. त्यानं लुगडी पिशवीत कोंबली, वर चष्मा ठेवला आणि निघाला. सामान तोंडावर टाकून चार गोष्टी सुनवायच्या, असं त्यानं ठरवलं. चार नव्हे, सात. स्टेशनाकडं जाता जाता त्यानं बोटांवर मोजून सात मुद्दे पक्के केले.

स्टेशनात शिरला तर पॅसेंजर नुकतीच सुटलेली. स्टॅंडवर गेला तर बसचा पत्ता नाही. रिक्षावाला म्हणाला, "मामा, बसा, अजून दोन शिटा भरल्या की निघूच."

"बसा, बसा, बसा!" व्यंकटी त्याच्यावर खेकसला. "आठ म्हयने बसूनच ऱ्हायलो की!" आणि त्या तिरमिरीत तो वीस-बावीस किलोमीटरवरच्या नांदेडच्या रस्त्याला लागला. चालत.

पहिले दोन-तीन किलोमीटर तो चालला नाही, रस्त्याला लाथा मारत गेला. तोंडानं मुद्द्यांची उजळणी चालू होती. पहिला: नवऱ्याला एकट्याला टाकून जाणं हे कुठल्या शहाणपणात बसतं? दुसरा: पोरीच्या घरी राहून आमची अब्रू घालवली. तिसरा भांड्यांचा. थंडी बोचत होती, दोन्ही अंगांना केळीच्या बागा आणि झेंडूचे पिवळे तुकडे होते, पण याला काही दिसत नव्हतं. मोटारसायकलवाले थांबत, मागं बसा म्हणत. हा हातानंच त्यांना वाटेला लावी.

पुढं हळूहळू अंगात ऊब आली. पाठीला घाम सुटला. पाय कधी स्लीपरच्या मापाची पावलं टाकायला लागले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. श्वास खोल जायला लागला, छातीवरचा धोंडा जरा सरकला. पुन्हा मुद्दे मोजले तर सहाच भरले. चौथा कुठं गेला? त्यानं बरंच डोकं खाजवलं, पण चौथा काही सापडेना. एका ओढ्याच्या पुलावर पाचवाही गळाला, आणि खरं सांगायचं तर व्यंकटीनं त्याला फारसं शोधलंही नाही.

मुगटच्या अलीकडं एका आखाड्यापाशी, म्हणजे शेतातल्या घरापाशी, दावणीला शेळी बांधलेली होती. थंडी वाजू नये म्हणून मालकानं तिला पोराचा जुना शाळेचा स्वेटर घातला होता, खिशावरच्या बिल्ल्यासकट. शेळी मान वर करून मोठ्या गंभीरपणे रवंथ करीत होती.

व्यंकटी थबकला. आखाड्यातल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "मालक, कितवीला हाय?"

"नापास झाली," म्हातारा म्हणाला. "बसवली घरी."

व्यंकटी हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग पिशवी खाली ठेवून गुडघ्यांवर हात टेकून हसला. कितीतरी महिन्यांनी स्वतःचं हसू ऐकून तो स्वतःच दचकला. आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की हे चांगुणाला सांगायला पाहिजे. मग आठवलं की आपण चांगुणाशी भांडायला चाललोय. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. तिला हसू नको म्हणालो, आपण, या तोंडानं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुपार कलायच्या बेताला तो माळटेकडीजवळच्या विशाखाच्या दारात पोचला. चांगुणा ओसरीत कोथिंबीर निवडत बसली होती. नवरा दिसताच तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. भांडण येणार हे तिला ठाऊक होतं, आणि यावेळी ऐकून घ्यायचं नाही हेही तिनं ठरवलं होतं. पण धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरा झालेला आणि घामानं निथळणारा तो माणूस दारात उभा राहून तिच्याकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा जुनाच होता. लाईनीवरून घरी येणारा.

"चालत आलाव?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"हाव."

"येड लागलं का काय?"

"लागलं व्हतं. वाटंत उतरलं." तो पायरीवर टेकला. "भांडायला आलतो. सात मुद्दे घेऊन निगालो व्हतो. आता एक बी ध्यानात न्हाई बघ." मग जमिनीकडं बघत म्हणाला, "हसू नको म्हनलो तुला. ते लई चुकलं माझं."

चांगुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला, आणि तो पिईपर्यंत त्याचे धुळीचे पाय बघत राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळून येत होतं.

"काय वो," ती सावकाश म्हणाली, "मला इतकी वर्सं वाटलं, मानूसच हसरा हाय."

"मला बी तसंच वाटलं व्हतं," व्यंकटी म्हणाला.

ड्यूटीवरून आलेल्या विशाखानं हे सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. शरीर हललं की मन हलकं होतं, झोप लागते, चिडचिड उतरते, हे ती दवाखान्यात रोज दहा जणांना समजावून सांगते. आणि स्वतःच्या बापाला खुर्चीत बसवायची शपथ घेणाऱ्यांत सगळ्यांत पुढं तीच होती. तिनं तिथल्या तिथं लातूरला फोन लावला. आनंदराज तिकडून ओरडत होता, "बाबांना चालवलं कुणी?" चांगुणानं फोन हातात घेतला.

"मास्तर, तुमचं भाषन पुरं झालं. बाबा चालनार हायत," म्हणाली आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दोघंही मुदखेडला निघाले. व्यंकटीला वाटलं, सोबतच गाडीनं जाऊ. चांगुणा म्हणाली, "मी गाडीनं जाते. तुमी चालत या. इतकी वर्सं तुमी दमून आलाव अन् मी दारात व्हते. मला तसंच पायजे."

विशाखा कुरकुरली, बाबा साठीच्या पुढं गेलेत, रोज एवढं नको म्हणाली. रोज पाच-सहा किलोमीटर, आणि आजच्या दिवस मुदखेड, असा तह झाला. उजाडायला तो निघाला. दहाच्या सुमाराला ती पॅसेंजरमध्ये बसली, खिडकीची जागा बघून.

मुगटच्या पुढं रस्ता रुळाच्या अगदी अंगानं जातो. तिथं तो तिला दिसला. मान किंचित खाली, दोन्ही हात झुलते, एका लयीत चाललेला, आणि तोंडानं स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. गाडीचा आवाज ऐकून तो सवयीनं बाजूला सरून उभा राहिला आणि त्यानं गार्डाला दाखवतात तसा हात आडवा धरला. सगळं ठीक आहे, जाऊ द्या. कोणत्या डब्यात बायको बसलीय हे त्याला कुठं ठाऊक? तो सगळ्याच गाडीला हात दाखवत होता आणि तोंडभर हसत होता.

छत्तीस वर्षं हा माणूस आपल्या दारातून गेला आणि दारातून आला. मधला माणूस चांगुणानं आज पहिल्यांदा बघितला. तिनं खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "तो बगा, आमचा मालक."