सुतारानं बुजवलेली वाट

सुताराला राजकारणातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. कुणी विचारलं, "काय मग, यंदा कुणाला?" की तो रंधा चालवायला लागायचा. विचारणाऱ्याला उत्तर ऐकू जायचं नाही आणि ह्याला द्यावं लागायचं नाही. चर्चमधले झाडून सगळे बाक त्याच्याच हातचे. "तुमचा धंदा म्हणजे खुद्द प्रभूचा धंदा," असं म्हणून लोक त्याच्याकडून चर्चचं काम फुकटात करून घ्यायचे, आणि हा भला माणूस खूश होऊन करून द्यायचा.

खरं सांगायचं तर चर्चमध्ये त्याला एकच गोष्ट जिवापाड आवडायची. प्रार्थना नव्हे, उपदेश तर नव्हेच. लग्न झाल्यापासून तो आणि त्याची बायको डावीकडच्या चौथ्या बाकावर शेजारी बसायचे आणि गीतांचं पुस्तक दोघांत एक. त्याला बारीक अक्षर दिसायचं नाही. मग ती ओळीखालून बोट फिरवायची आणि तो त्या बोटामागून गात जायचा. आवाज त्याचा, डोळे तिचे, असं ते गाणं चालायचं. चष्मा घ्या म्हणून डॉक्टर सांगून थकले, पण हा कशाला घेतोय!

निवडणूक आली आणि ह्या सुखाला दृष्ट लागली.

सुरुवात केली पाळकसाहेबांनी, तीही बिचाऱ्यांच्या ध्यानीमनी नसताना. त्या रविवारचं वाचन आधीपासून ठरलेलं: याकोब धोंडा उशाला घेऊन झोपतो आणि स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी बघतो. आता नेमकी एका पक्षाची निशाणी होती शिडी, आणि दुसऱ्याची किटली. शिडीवाले बाकावर ताठ होऊन बसले आणि एरवी पुटपुटायचे ते आमेन त्यांनी छप्पर हलेल असं म्हटलं. दुपारचं जेवण उरकायच्या आत किटलीवाले पाळकसाहेबांच्या दारात हजर.

"पुढच्या रविवारी किटलीवर बोला," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी आठवडाभर पवित्र शास्त्र पालथं घातलं. किटली काही सापडेना. शेवटी यिर्मया संदेष्ट्याला दिसलेलं उकळतं भांडं हाती लागलं, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. त्यावर ते घाम पुसत पुसत बोलले. पण शास्त्रातलं ते भांडं पडलं देशावर येणाऱ्या अरिष्टाची खूण! किटलीवाले आधी नुसते रुसले होते, ते आता पेटले. पाळकसाहेब आगीतून फुफाट्यात.

मग भेटी सुरू झाल्या. शिडीच्या उमेदवारानं चर्चला पंखे दिले आणि आपल्या माणसांकरवी सगळे उजव्या बाजूला लावून घेतले. किटलीच्या उमेदवारानं लाउडस्पीकर दिले, ते सगळे डाव्या बाजूला. कमिटीनं दोन्ही घेतलं. देवाच्या घराला कुणी काही देत असेल तर नाही कसं म्हणायचं? झालं असं की उजवीकडच्यांना वारा मिळायचा पण पंख्यांच्या घरघरीत उपदेश ऐकू यायचा नाही, आणि डावीकडच्यांना शब्द न् शब्द ऐकू यायचा पण ते घामानं निथळायचे. तरी कुणी जागा बदलायला तयार नाही. मधल्या वाटेच्या ह्या बाजूचा माणूस त्या बाजूच्या माणसाला 'प्रभूची शांती असो' म्हणेनासा झाला.

सुताराचा मेव्हणा शिडीचा खंदा कार्यकर्ता, गळ्यात शिडीचा बिल्ला घालूनच झोपणारा. आणि आपल्या सुतार बहाद्दरानं काय करावं? किटलीवाल्यांचा सभेचा मंच बांधून दिला. काम आलं, केलं.

"माझा सख्खा भाऊ उन्हातान्हात शिडीसाठी फिरतो आणि तुम्ही त्यांना मंच बांधून देता?" बायको म्हणाली.

"अगं, शिडीवाल्यांनी शिडी मागितली असती तर तीही केली असती."

हे उत्तर त्यानं द्यायला नको होतं. पुढच्या रविवारी ती सरळ उजवीकडे गेली आणि तिथल्या चौथ्या बाकावर आपल्या आईशेजारी बसली. ती म्हातारी, म्हणजे सुताराच्या सासूबाई, ठार बहिऱ्या. उपदेश तसाही ऐकू येत नाही तर निदान वारा तरी खावा, एवढ्याच हिशेबानं त्या पंख्याखाली बसलेल्या. पण शिडीवाल्यांनी 'आमच्या सर्वांत ज्येष्ठ पाठीराख्या' म्हणून त्यांना बिल्ला लावून टाकला होता.

घरी बायको जेवायला वाढायची, बोलायची, सगळं जागच्या जागी. फक्त रविवारी दोघं एका दारानं आत शिरायचे आणि दोन बाजूंना जायचे. सुतारानं गुपचूप चष्मा केला. अक्षरं स्वच्छ दिसायला लागली, पण गाणं पहिल्या ओळीपुढे जाईना. शेजारची जागा रिकामी असली की माणसाला आपलाच आवाज परका वाटतो. त्याला रडू यायचं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग त्याच्या डोक्यात ती अफलातून कल्पना आली. सगळ्या भांडणाचं मूळ ती मधली वाट! वाटच नसेल तर डावं कुठलं आणि उजवं कुठलं? इकडच्या बाकाला तिकडचा बाक जोडून टाकायचा, आणि बायको त्याच्याच बाकावर. त्यानं कमिटीपुढे हे मांडलं तेव्हा ऐक्य, प्रीती असलं बरंच काही बोलला. बायकोचं नाव काढलं नाही. कमिटीचं बऱ्याच दिवसांत कशावर एकमत झालं नव्हतं, ते ह्यावर झालं. कारण आपली बाजू आता पलीकडे सरकणार, असं शिडीवाल्यांनाही वाटलं आणि किटलीवाल्यांनाही.

त्यानं फळ्या बसवल्या, सांधे इतके बेमालूम केले की हात फिरवला तरी कळू नयेत. दोन्ही भिंतींलगत एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट राहिली. रविवारी डावे डाव्या फटीतून आले, उजवे उजव्या फटीतून, आणि भिंतींना चिकटून बसले. मधल्या नव्याकोऱ्या फळ्यांवर चिटपाखरू नाही. सुताराची बायको त्याच्याच बाकावर होती खरी, पण पार त्या टोकाला.

आणि त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. दुपारी पडल्या त्या उठल्याच नाहीत.

शवपेटी सुतारानंच केली. म्हातारीचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याचाही तिच्यावर. चांगलं सागवान वापरलं, ऐसपैस केली, आतून मऊ कापड लावलं. करताना त्याचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते. एवढं सगळं त्यानं मनापासून केलं, फक्त एका गोष्टीचा विचार केला नाही.

अंत्यविधीला दोन्ही उमेदवार हजर. एकानं फुलांची शिडी आणली, दुसऱ्यानं फुलांची किटली, तोटीसकट. पेटी दारातून आत आली आणि थांबली. पुढे वाट नव्हती. भिंतीलगतच्या फटीतून पेटी आडवी जाईना, उभी करायची म्हणजे म्हातारीला उभं करायचं. वेदीपाशी उभे राहिलेले पाळकसाहेब लांबून नुसते हात हलवत राहिले.

"हे कुणी केलं?" मेव्हणा म्हणाला. बाक जोडायला कमिटीत ह्यानंच हात वर केला होता.

बायको पेटीजवळ उभी होती. ती सुताराकडे वळली. "माझ्या आईला आत जायला वाट ठेवली नाहीत तुम्ही," ती हळूच म्हणाली.

मेव्हण्याचं सोडा, पण हे सुताराच्या काळजात घुसलं.

"तू शेजारी बसावीस म्हणून केलं गं," तो म्हणाला. "ऐक्यबिक्य सगळं थापा."

ती पुन्हा पेटीकडे वळली. तेव्हा सुतारानं चपला काढल्या आणि तो शेवटच्या बाकावर, मधल्या फळीवर चढला. "बाकांवरून पुढे द्या," तो म्हणाला. शिडीवाल्यांनी लगेच उजवीकडून हात घातला. म्हातारी आमची, शेवटचा मान आमचा! डावीकडचे हाताची घडी घालून बसून राहिले. पेटी उचलली गेली, एका अंगाला कलली, आणि आतून म्हातारी उजवीकडे सरकल्याचा धप्प असा आवाज झाला.

"आई बघा," बायको म्हणाली, "अजून पंख्याखालीच सरकतेय."

आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसू आवरत नाही, अशी हसली. मग डावीकडचे चार जण मुकाट्यानं उठले, मधे आले, आणि त्यांनी आपली बाजू धरली. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर पेटी हातोहात पुढे निघाली. पुढे द्यायची म्हणजे मधे यावंच लागत होतं. किटलीच्या हाताला शिडीचा हात लागत होता, आणि कुणीतरी कुणाला तरी "सावकाश हं, दादा" म्हणालं. फुलांची शिडी आणि फुलांची किटली दारापाशीच भिंतीला टेकून राहिल्या, त्या पुढे न्यायचं कुणाला सुचलंच नाही.

चौथ्या बाकापाशी पेटी आली तेव्हा तिच्याबरोबर बाक ओलांडत पुढे आलेले सुतार आणि त्याची बायको समोरासमोर होते, तो डावीकडून, ती उजवीकडून. दोघांनी तिच्या आईला डोक्यावरून पलीकडे दिलं. पेटी वेदीपाशी टेकली. पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला, आणि जो तो उभा होता तिथेच खाली बसला. ती दोघंही बसली, मधल्या फळीवर, त्याच्या त्या बेमालूम सांध्यावर.

तिनं पुस्तक उघडलं. "चष्मा केलाय म्हणे तुम्ही," ती समोर बघत म्हणाली. "आणलाय का?"

"नाही आणला," सुतार म्हणाला.

चष्मा त्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होता, अर्धा बाहेर आलेला. तिनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.